ऑनलाइन डावासाठी तक्ते बनवताना: एका दिवाणजीचा अनुभव

जिनिंगमध्ये हिशेब बघणाऱ्या माणसाला तक्त्यांची कसली भीती, अशी माझी समजूत होती. कापसाची आवक, रुईचा उतारा, सरकीचे दर, मजुरांची हजेरी, गेली अकरा वर्षं रकान्यांतच गेली आहेत. मालक आणि हमाल दोघंही मला दिवाणजीच म्हणतात. त्यामुळे रोलप्लेइंग खेळाचे चार तक्ते कॉम्प्युटरवर चढवायला एक रविवार पुरे, असं मी धाकट्या भावाला छातीठोकपणे सांगून टाकलं. तो रविवार होता २ जून २०२४. पहिला डाव बसला २५ ऑगस्टला.

मधल्या बारा आठवड्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतोय. मराठीत हे करायला बसलेल्या माणसाला अडचणी वेगळ्या येतात आणि त्या मला तरी कुठे एका जागी सापडल्या नाहीत.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे काय होईल ते नक्की नाही तिथे फासे टाकतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हापासून या खेळात तक्ते आहेत. फासा टाकायचा, आकडा तक्त्यात शोधायचा, समोर लिहिलेलं घडलं म्हणायचं. सूत्रधारालाही पुढे काय येणार ते ठाऊक नसतं. मला सगळ्यात जास्त मजा याचीच वाटते.

भाऊ पुण्याहून मे महिन्यात सुट्टीला आला तेव्हा त्यानं हे वेड अमळनेरला आणलं. बाहेर ४४-४५ डिग्री, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ओसरीत कूलर लावून आम्ही पाच जण दुपारभर बसायचो. मी सूत्रधार झालो, कारण दोनशे पानी वही माझ्याकडे होती. गोष्ट ठरली इसवी सन १६०० च्या हिवाळ्याची. अकबराची फौज बऱ्हाणपुरात उतरलेली, असीरगडाला वेढा पडलेला, खानदेशातलं फारुकी सुलतानांचं राज्य शेवटच्या घटका मोजतंय. आणि आमचे खेळाडू म्हणजे सुरतेहून धान्याचे बैल घेऊन निघालेला एक तांडा. जुन्या व्यापारी मार्गानं नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, मग थाळनेरला तापी ओलांडून चोपडा, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर. ज्या रस्त्यानं आम्ही एसटीनं लग्नांना जातो, तोच रस्ता.

जूनमध्ये सगळे पांगले. भाऊ पुण्याला, बालमित्र सुरतेच्या कापड मार्केटात, मावसबहीण नाशिकला, भाचा धुळ्याला इंजिनिअरिंगला. तांडा नंदुरबारच्या वेशीवर अडकला. पुढे खेळायचं तर ऑनलाइन.

अशा खेळासाठी नकाशा, फासे, पात्रांचे कागद आणि तक्ते एका जागी ठेवणारी साधनं असतात, त्यांना व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात. पहिले दोन आठवडे मी ब्राउझरमध्ये फुकट चालणारं एक साधन वापरून पाहिलं. तक्त्याची प्रत्येक ओळ हातानं भरत होतो. ३७ ओळींनंतर मनगट दुखायला लागलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे वहीत साडेतीनशे ओळी आहेत. मग भावाच्या सल्ल्यानं फाउंड्री नावाचं असंच दुसरं साधन घ्यायचं ठरवलं. किंमत ५० डॉलर, एकदाच. विकत फक्त डाव भरवणाऱ्यानं घ्यायचं, बाकीचे दुवा उघडून फुकट खेळतात.

इथे पहिली गाडी अडली. ३ जुलैला डेबिट कार्ड टाकलं, व्यवहार नाकारला. पुन्हा टाकलं, पुन्हा नाकारला. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नवीन कार्ड मुळात देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू करून घ्यायचे असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बटण होतं, पण दाबलं की ‘शाखेशी संपर्क साधा’. शाखेत गेलो. काउंटरवर विचारलं, परदेशात कधी जाताय? म्हटलं, कुठेच नाही, एक सॉफ्टवेअर घ्यायचंय. कसलं सॉफ्टवेअर? मागे पेन्शनवाल्यांची रांग उभी असताना ‘तांड्याच्या खेळाचं’ असं सांगायचा धीर झाला नाही. ‘हिशेबाचं’ म्हणालो. फॉर्म, आधारची झेरॉक्स, सही जुळत नाही म्हणून दुसरी सही. तीन कामाचे दिवस सांगितले, पाच लागले.

१० जुलैला पैसे गेले. खात्यातून ४,३७३ रुपये वजा झाले. डॉलरचा दर ८४ रुपयांनी लागला म्हणजे ४,२००, त्यावर साडेतीन टक्के परकीय चलनाचा अधिभार १४७, आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. हे मी आधी धरलं नव्हतं, आणि वर स्वतःला दिवाणजी म्हणवतो. तुम्ही घेणार असाल तर बँकेचा अधिभार आधी विचारून ठेवा, आणि काम झालं की परदेशी वापराचं बटण परत बंद करा.

खरेदीनंतर खात्यात परवान्याची चावी मिळते, ती पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडताना चिकटवायची. हे दहा मिनिटांत झालं. त्या रात्री मी लॅपटॉपवर एकट्यानंच तीस-चाळीस फासे टाकले.

दुसरी अडचण इंटरनेटची. फाउंड्री माझ्या लॅपटॉपवर चालणार आणि बाकीच्यांनी बाहेरून माझ्या लॅपटॉपपर्यंत यायचं. त्यासाठी राउटरमध्ये ३०००० क्रमांकाचं पोर्ट उघडावं लागतं. उघडलं. भावाला दुवा पाठवला, त्याच्याकडे पान उघडेना. दोन रात्री राउटरच्या सेटिंगमध्ये उलथापालथ करण्यात गेल्या. शेवटी भावानं एक साधी तपासणी सांगितली. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता काय दिसतो तो बघायचा, आणि ‘माझा आयपी काय’ असं इंटरनेटवर शोधून तिथे काय दिसतो तो बघायचा. दोन्ही वेगळे असले तर तुमची कंपनी एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतेय, मग पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस दारापर्यंत पोचतच नाही. माझे वेगळे होते. ही तपासणी पहिल्या दिवशी केली असती तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

उपाय म्हणजे स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा, न बदलणारा पत्ता. केबलवाल्याच्या ऑफिसात गेलो. त्यानं विचारलं, “शेतात क्यामेरे लावता का भाऊ?” इथे स्टॅटिक आयपी मागणारा माणूस एक तर सीसीटीव्ही लावतो, नाहीतर पेट्रोलपंप चालवतो. वर्षाचे १,८०० रुपये, एक अर्ज, पुन्हा आधारची झेरॉक्स आणि नऊ दिवस. वीज गेली की राउटर बंद पडतो म्हणून तो इन्व्हर्टरवर घेतला, ते काम वायरमननं चहावर केलं. (झेरॉक्सच्या मात्र दहा-बारा प्रती काढून ठेवल्यात, काय सांगावं.)

आता खरं काम, तक्ते. या साधनांत तक्ता म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मी ते समजून न घेताच सुरुवात केली होती. तक्त्याला एक सूत्र असतं, म्हणजे कोणते फासे टाकायचे: शंभर बाजूंचा एक, किंवा सहा बाजूंचे दोन. प्रत्येक ओळीला आकड्यांची हद्द असते, उदाहरणार्थ १ ते ५ आले तर अमुक. शिवाय प्रत्येक ओळीला एक वजन असतं, म्हणजे ती ओळ बाकीच्यांच्या मानानं किती वेळा यावी ते. हद्द आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला ते कळायला सप्टेंबर उजाडला.

वहीतल्या साडेतीनशे ओळी मी ऑफिस सुटल्यावर एक्सेलमध्ये भरल्या. हद्दीचा रकाना एकच ठेवला आणि त्यात ‘१-५’ असं इंग्रजी आकड्यांत लिहिलं. एक्सेलनं त्याचं ‘१ मे’ करून टाकलं. ‘६-९’ ची ६ सप्टेंबर झाली. गंमत अशी की ‘२६-४०’ तसंच राहिलं, कारण चाळिसावा महिना नसतो. त्यामुळे वरच्या काही ओळी तारखा आणि खालच्या हद्दी अशी खिचडी झाली आणि ती मला चार दिवसांनी दिसली. उपाय सोपा आहे: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने करा. हजेरीपत्रकात मी हेच करतो, इथे का केलं नाही कोण जाणे.

मग फाइल सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) करून साठवली आणि सगळं मराठी गायब. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. एक्सेलमधला नेहमीचा सीएसव्ही पर्याय देवनागरी सांभाळत नाही, यूटीएफ-८ असं लिहिलेला पर्याय निवडावा लागतो. ऑफिसच्या जुन्या एक्सेलमध्ये तो नव्हताच. शेवटी सगळं गुगल शीट्समध्ये नेलं, तिथून सीएसव्ही नीट निघते.

मावसबहिणीनं अफवांचा तक्ता करून पाठवला होता. ती एका छापखान्यात टायपिंग करते, हात वाऱ्यासारखा चालतो, पण तिनं तो युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. तिच्या मशीनवर झकास मराठी, माझ्याकडे इंग्रजी अक्षरांची भेळ. फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात. ‘दुर्गात फितुरी आहे’ या ओळीतला रफार उडाला आणि ‘दुगात फितुरी आहे’ झालं. ते मी तसंच ठेवलंय. आमच्या डावात आता दुग नावाचं एक गाव आहे.

भाच्यानं आणखी पुढची मजल गाठली. त्यानं सगळे आकडे देवनागरीत टाकले. आपल्याला ५ म्हणजे पाचच, पण या साधनाला तो आकडा वाटतच नाही. मजकूर देवनागरीत ठेवा, हद्द आणि वजन मात्र इंग्रजी आकड्यांतच.

फाउंड्री सीएसव्ही थेट घेत नाही, त्याला जेसन नावाच्या रचनेतली फाइल लागते. सीएसव्ही घेणारी जोड-साधनं आहेत, पण मी शीटमध्येच एक सूत्र लिहिलं, जे प्रत्येक ओळीचे रकाने जोडून तशी रचना बनवतं. एक रिकामा तक्ता तयार करून बाहेर काढायचा, त्यात ओळी कशा मांडल्यात ते बघायचं आणि आपल्या ओळी तशाच मांडायच्या. फाइल आत जाईना तेव्हा एक संपूर्ण संध्याकाळ एका दुहेरी अवतरणचिन्हानं खाल्ली. मजकुरात कोणी बोलत असेल तर एकेरी अवतरण वापरा.

९ ऑगस्टला नागपंचमी झाली आणि आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणासाठी सगळे घरी आले. रविवारी रोट, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. त्या गर्दीत माडीवर बसून आम्ही तक्ते वाचले आणि भांडलो. रस्त्यावरच्या मुक्कामात मी ‘शेवभाजी आणि कळण्याची भाकरी’ असं लिहिलं होतं. मावसबहिणीनं विचारलं, १६०० साली तिखट कुठून आणलं? मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, तेव्हा ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली होती कशावरून? मिरचीशिवाय शेवभाजी काय खायची! शेंगदाणाही गेला, तोही तिकडचाच. नंदुरबारच्या बाजाराच्या तक्त्यातून मी मिरची काढली तेव्हा, सांगतो, जिवावर आलं.

२५ ऑगस्ट, रात्री नऊ. पाचही जण आत आले. तांडा नंदुरबारहून निघाला. मी रस्त्याचा तक्ता ओढला, म्हणजे फासा टाकून त्यातली ओळ काढली, आणि एकाच फाशावर दोन ओळी आल्या: बिबट्या आणि लग्नाची वरात. बिबट्याची हद्द १२ ते १८ आणि वरातीची १८ ते २० अशी पडली होती. आकडा आला १८. हद्दी एकमेकींवर चढल्या की हे साधन तक्रार करत नाही, दोन्ही ओळी देऊन मोकळं होतं. खेळाडूंना वाटलं मी मुद्दाम योजलंय. नवरदेवाचं घोडं बुजलं, भाच्याच्या पात्रानं मशाल घेऊन उडी मारली, रात्रीचे बारा वाजले. खालून माय ओरडली, “कोनासंगे बोली ऱ्हायना रे इतक्या रातले?” हद्दींत फट राहिली तर मात्र ती दिसतही नाही, त्या फटीतला आकडा आला की साधन गुपचूप परत फासा टाकतं. म्हणून शीटमध्ये एक रकाना वाढवला: या ओळीचा ‘पासून’ हा मागच्या ओळीच्या ‘पर्यंत’ पेक्षा बरोबर एकनं जास्त आहे का? नसेल तर लाल.

दुसरा डाव १ सप्टेंबरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी. तिथे माझी खरी फजिती झाली.

हवामानाचा तक्ता दोन फाशांचा होता, २ ते १२ अशा अकरा ओळी. टोकाला २ वर गारपीट, ३ वर अवकाळी, ११ वर दाट धुकं, १२ वर हाडं गोठवणारी थंडी. मध्ये ६, ७, ८ वर साधे हिवाळी दिवस. दोन फाशांचा तक्ता घेण्याचं कारणच ते. दोन फाशांची बेरीज ७ यायच्या ३६ पैकी ६ वाटा आहेत, २ यायची एकच. टोकाच्या चार ओळी मिळून ३६ पैकी ६, मधल्या तीन मिळून १६. आपल्या पौष-माघाचं हवामान असंच असतं: बहुतेक दिवस सरळ, आणि एखाद्या वर्षी गहू-हरभरा झोडपणारी गारपीट.

शनिवारी संध्याकाळी मी तक्ता उघडला आणि ‘नॉर्मलाइझ’ असं एक बटण दिसलं. हद्दींचा ताजा अनुभव होता. वाटलं, हे हद्दी नीट लावून देईल. दिली की! सगळ्या ओळींचं वजन १ होतं, म्हणून त्यानं प्रत्येकीला एकेक आकडा दिला आणि सूत्र बदलून अकरा बाजूंचा एक फासा करून टाकलं. आता गारपीट आणि साधा दिवस यांची शक्यता सारखीच. बटणाचं काही चुकलं नाही. त्याचं काम वजनावरून हद्दी लावणं, आणि मी वजनाकडे कधी बघितलंच नव्हतं.

नंदुरबार ते शिंदखेडा या नऊ दिवसांत दोनदा गारपीट आणि दोनदा अवकाळी झाला. सहा बैल गेले, धान्य भिजलं. पाचव्या दिवसापर्यंत खेळाडू हसत होते. दुसरी गारपीट आली तेव्हा सुरतवाला म्हणाला, “भो, आभायले दुसरं काही काम नही का?” आणि गप्प झाला. त्याची शेती आहे पारोळ्याकडे. मी सूत्र बघितलं, चूक कबूल केली, तीन बैल परत दिले. धान्य भिजलेलंच राहिलं, त्यानंच तसं मागितलं.

त्यानंतर मी कोणताही तक्ता शीटमध्ये हजार वेळा टाकून बघितल्याशिवाय डावात नेत नाही. दोन फाशांसाठी १ ते ६ मधले दोन यादृच्छिक आकडे घेऊन बेरीज, हजार ओळी खाली ओढायच्या, कोणती ओळ किती वेळा आली ते मोजायचं. ७ साधारण १६५-१७० वेळा यायला हवा, २ पंचवीस-तीस वेळा. सगळे नव्वदीच्या आसपास दिसले तर तुम्हीही ते बटण दाबलंय.

तिसऱ्या डावात, २२ सप्टेंबरला, तांड्यातला फितूर कोण हे ठरवायला मी एक तक्ता ओढला. निकाल लपवायचं लक्षात होतं, पण फासा लपवून टाकायचा पर्याय निवडला नव्हता, आणि चॅटमध्ये तक्त्याचं नाव आपोआप छापलं जातं. नाव होतं ‘तांड्यातला फितूर’. चौघांनी एकाच वेळी वाचलं. आता माझ्या तक्त्यांची नावं ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी आहेत.

एक सोय मात्र मनापासून आवडली. तक्त्याच्या ओळीत दुसरा तक्ता ठेवता येतो, आणि ती ओळ आली की आतला तक्ता आपोआप ओढला जातो. थाळनेरचा उतार असाच केला: आधी नदीला पाणी किती, त्यावरून नाव मिळते का, त्यावरून नावाडी काय मागतो. अफवांच्या तक्त्याला ‘काढलेली ओळ परत नको’ असं ठेवलंय, म्हणजे तीच अफवा दोनदा येत नाही. ओळी संपल्या की तो तक्ता रीसेट करावा लागतो, हे भर डावात आठवण्यापेक्षा आधी करा. आणि डावाच्या आधी डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

एकूण खर्च ६,१७३ रुपये. पाच जणांत वाटून १,२३५ आले, सुरतवाल्यानं सगळ्यात आधी पाठवले.

आता कापूस यायला लागलाय, जिनिंग रात्रीही चालू राहील, म्हणून डाव महिन्यातून एकदा ठेवलाय. तांडा चोपड्याच्या बाहेर तळ ठोकून आहे. काल रात्री भाच्यानं उरलेल्या बैलांच्या नावांचा तक्ता पाठवला, चाळीस ओळी. आकडे देवनागरीत.